चार नंबरच्या कुंडीतला पाहुणा

तीर्थस्वरूप मावशीस,

साष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, तेव्हा मनातल्या मनात.) तुझे गुडघे कसे आहेत? काका कसे आहेत? महिनाभरात त्यांचा स्वभाव पार निवळला, जेवणात मीठ जास्त पडलं तरी हूं की चूं करत नाहीत, असं तू लिहिलं होतंस. वाचून तेव्हा आनंद झाला होता. काल तुला तीनदा फोन केला, पण तिन्ही वेळा तूच बोललीस आणि ठेवलास. म्हणून हे पत्र.

आमच्या प्रयोगशाळेत एकाच घराण्यातल्या पाच निवडुंगांची तुलना चालली आहे. (दिसायला सख्खी भावंडं, गुण ज्याचे त्याचे.) जनावरांनी तोंड लावू नये म्हणून झाड अंगात जे कडवट, विषारी द्रव्य तयार करतं, ते अल्कलॉइड कुणात किती, हे मोजायचं. कुंड्या सांभाळणं माझ्याकडे. महिन्यातून एकदाच पाणी, असं आमच्या प्रमुख बाईंनी बजावलं होतं. पण आपल्या घरची खोड तुला ठाऊक आहे, कुणी गप्प उभं दिसलं की आपण पाणी विचारतो. चार नंबर सगळ्यांत गप्प होता. तो बुडापासून कुजला.

माझी नोकरी अजून कच्ची, त्यामुळे कुजका चार नंबर गुपचूप फेकून दिला. टेबलावर तू दिलेला निवडुंग होता, तुझ्या गच्चीतल्या मोठ्या झाडाचं पिल्लू. रंग तोच, काटे तसेच. म्हटलं, हा शोभेचा, कुणाच्या अध्यात ना मध्यात, याच्यात काय निघणार? त्यालाच चार नंबरची चिठ्ठी लावली. सुकवला, कुटला, यंत्राला दिला. बाकी चौघांच्या अल्कलॉइडच्या रेघा कागदावर मुकाट आडव्या पडलेल्या, आणि चार नंबरची उठली ती थेट कागदाबाहेर! बाईंनी खूश होऊन मला स्वतः चहा करून दिला. सोमवारी त्या हा आकडा बाहेरच्या तज्ज्ञांपुढे मांडणार आहेत. माझी झोप उडाली आहे. (काकांना झोप लागते ना? जास्तच लागत नाही ना?) सांगावं तर नोकरी जाते, न सांगावं तर बाईंची अब्रू. इकडे आड, तिकडे विहीर.

पत्र शेजारच्या ट्रकवाल्याच्या हाती देतो आहे. त्याला पाणी विचार, पण आधी हे शेवटपर्यंत वाच.

तुझा भित्रा भाचा

ता. क. : एवढं लिहून झाल्यावर धीर करून बाईंना सांगून टाकलं. खूप बोलल्या, पण काढलं नाही. त्यांना आता तुझंच झाड तपासायचं आहे. एक फांदी ट्रकवाल्याजवळ दे.

पुन्हा ता. क. : खरी गोष्ट लिहायला इतका वेळ हात धजावत नव्हता. बाईंनी विचारलं, "ते झाड कुणी खात-बित नाही ना?" मी म्हटलं, इतकं वेडं कोण असेल! मावशी, तुझं मागचं पत्र माझ्या खिशात आहे. त्यात लिहिलंयस, "गच्चीतल्या निवडुंगाचा चमचाभर रस रोज सकाळी ह्यांना मधातून देते, चांगला गुण आला." आजपासून बंद कर आणि काकांना लगेच डॉक्टरांकडे ने. ते पुन्हा मिठावरून भांडायला लागले की तेवढंच कळव. माझा जीव भांड्यात पडेल.