पांढऱ्या आरंभाला गुलाबी शेवट

१२ ऑगस्ट, अंगारकी
पीएच.डी.च्या कामाचा आज श्रीगणेशा. राजूरला जाऊन गणपतीपुढे कोऱ्या कार्डांचा गठ्ठा ठेवला. विषय भारी आहे: जुन्या इंग्रजी कवितांची सूची, पहिल्या आणि शेवटच्या ओळीवरून. कवी अज्ञात असो, कवितेला नाव नसो, ओळ सांगा, कविता हजर. भोकरदनच्या आमच्या कॉलेजात मी एकटाच बिगर-डॉक्टर उरलोय. ऑक्टोबरच्या प्रेझेंटेशनमध्ये काम दिसलं नाही तर रजिस्ट्रेशन रद्द, असं पत्र आलंय. दिसेल. डोळे दिपतील.

१४ ऑगस्ट
पांढऱ्या कार्डावर पहिली ओळ, गुलाबीवर शेवटची. श्रावणात कशाचाही शेवट लिहायचा नाही, असं ठरवलं. आधी सगळे आरंभ. शेवट पितृपक्षात. तेव्हा तसंही दुसरं शुभकार्य नसतं. आमच्याच विभागातले राजानंद सर म्हणाले, कार्डांवर नंबर टाका, न्हाई तर पंचाईत होईल. मी नुसता हसलो. माझी मेमरी त्यांना माहीत नाही.

३० ऑगस्ट
आरंभ संपले. ए-बी-सी-डीप्रमाणे लावले. देखणे दिसतात. मधल्या ओळी वाचाव्यात का, असा एक विचार आला. पण सूचीत त्यांना कॉलमच नाही. झोपलो.

१८ सप्टेंबर
शेवट उरकले. तेही ए-बी-सी-डीप्रमाणे. पुस्तकं विद्यापीठाच्या लायब्ररीला परत. बुटांचे दोन खोके गच्च. स्वतःचं कौतुक वाटलं.

१९ सप्टेंबर, सकाळी
कुठल्या आरंभाचा कुठला शेवट, कळायला मार्ग नाही. मेमरी वापरून पाहिली. चहा घेतला. पुन्हा वापरली.

१९ सप्टेंबर, दुपारी
पुस्तकं बाइंडिंगला गेली म्हणे. नेटवर सगळं सापडतं, पण खऱ्या संशोधकानं नेटवर विसंबू नये.

२१ सप्टेंबर
शैलाला सांगावं लागलं. माझी बायको. नात्यातल्या सोयरिकी तीच जुळवते, आजवर एकही मोडलेली नाही. तिने दोन्ही खोके सतरंजीवर ओतले. अर्थ मी सांगायचा, स्थळ तिने बघायचं. म्हणाली, ही पांढरी पोरगी रडून राह्यली, हिला त्या गुलाबीतला राजाच बरा. उरलेल्या ओळी जल्दी जल्दी उजवल्या. संध्याकाळपर्यंत एकही बिनलग्नाची राहिली नाही. ही मेथड थिसिसमध्ये घालणार.

४ ऑक्टोबर, संभाजीनगर बसस्टँड
प्रेझेंटेशन झालं. गाईड गंधाली मॅडमनी सूचीचं पहिलंच पान उघडलं. दारू मागत सुरू झालेली कविता देवाच्या आईला दंडवत घालून संपत होती. मध्ये काय होतं, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, परिवर्तन. दुसरीत कोकिळा गाते आणि शेवटी राजाला पुरतात. मध्ये काय? मी म्हणालो, कालांतर. कमिटी पोट धरून हसली. मॅडम हसल्या नाहीत. एकूण छाप चांगली पडली असावी.

९ ऑक्टोबर
रजिस्ट्रेशन रद्द.
शैलाला सांगितलं. म्हणाली, जाऊ द्या, नोकरी तर बराबर चालू हाय. मग म्हणाली, मी एवढ्या सोयरिकी लावल्या, त्यातली एक तरी कविता पुरी ऐकवा. हातातलं काम ठेवून समोर बसली. मी पहिली ओळ म्हटली. थांबलो. शेवटची म्हटली.
ती म्हणाली, चांगली हाय, पण बिलकुल छोटी हाय.
मी मान डोलावली. फार लाज वाटली.