पिल्लांवरची मरळ

४ जुलै १९९९, रविवार
आलो एकदाचे! टेम्पोतून सामान उतरल्यावर मी पहिली उघडली ती गळांची पेटी. सुवर्णा म्हणाली, आधी स्टोव्ह तरी काढा. सातपूरला तेवीस वर्षं लेथवर काढली, कंपनी बंद पडली, म्हणून रडत बसायचं काय? पाणी उपसा संस्थेनं पंप ऑपरेटर म्हणून घेतलं, पंपहाऊसला लागून दोन खोल्या दिल्या. दारातून बारा पायऱ्या उतरल्या की गंगापूर धरणाचं पाणी. लेक योगिनी लग्न होऊन लासलगावला गेली, तेव्हा आता आम्ही नवरा-बायको दोघंच. आणि मासे! गळावर माझ्यासारखा हात नाशकात दुसरा नाही. हे मी म्हणत नाही, लोक म्हणतात.

७ जुलै
शेजारी म्हणजे देवराम आणि त्याची बायको साळूबाई. बाभळींपलीकडे झोपडी. तो जाळं टाकतो. मला पाण्यातल्या जागा हौसेनं दाखवल्या. पायरीजवळच्या लव्हाळ्यात मरळीची पिल्लं आहेत, तिकडे मात्र महिनाभर गळ टाकू नका, असं दोनदा म्हणाला. मी मान डोलावली. सुवर्णाला जागा आवडली. संध्याकाळी पाण्यात पाय सोडून गाणं म्हणत होती.

११ जुलै, रविवार
साडेचार किलोची मरळ!
सकाळीच लव्हाळ्यात पाणी तांबडं दिसलं. हजारभर पिल्लं, शेवयांच्या तुकड्यांएवढी, श्वासाला एकदम वर येत होती. भात शिजताना येतो तसा बुडबुड आवाज. खाली आईची काळी पाठ. बेडूक लावून गळ घोळक्यात सोडला, आणि लगेच झडप!
गावातल्या एसटीडीवरून ललितला फोन केला. सातपूरचा दोस्त, त्याच्याकडे कॅमेरा आहे. तो येईपर्यंत मरळ जिवंत राहावी म्हणून कल्ल्यातून दोरी ओवून तिला पायरीशी पाण्यात बांधली. गंमत म्हणजे पिल्लं तिला शोधत आली! ती दोरीला हिसके देत त्यांच्याभोवती फिरू लागली. मी चार लोकांना बोलावून दाखवलं. दुपारी ललित आला, फोटो झाला, मरळ कापली.
देवराम तेवढा हसला नाही. म्हणाला, “पिल्लांवरची मरळ धरत नाय, भाऊ. ती भुकेनं नाय चावत, रागानं चावती. तिला कुणीबी धरंल.”
कुणीही? मी म्हणालो, जाळं टाकणाऱ्यानं मला गळ शिकवू नये.

१२ जुलै
सुवर्णानं रस्सा केला, पण तोंडात घातला नाही. म्हणे, पिल्लं अजून दोरीपाशीच फिरताहेत. एवढी मोठी मरळ आणि घरात कौतुकाचा एक शब्द नाही!

१५ जुलै
देवराम पुन्हा आला. त्याचं म्हणणं, राखण करणारी तुम्ही नेली, आता महिनाभर तुम्ही पायरीवर बसा, बगळे हाका, पिल्लं मोठी होईपर्यंत. मी त्याला हाकलून दिलं. माशांची राखण करू? गावात म्हणे माझ्यावर हसतात. हसू देत.
पंप सुरू करताना त्यात ओतायच्या पाण्याच्या पिपातून बुडबुड आवाज आला. झाकण काढलं. तांबडं.
पीप ओतून दिलं. गाळात दोन-चार आली असतील. दोन-चार नव्हती.

१९ जुलै
आज प्यायच्या माठात. माठ फोडला. टाकीसाठी आणलेली ब्लीचिंग पावडर, सगळी पिशवी, पायरीपाशी रिकामी केली. तासाभरात पिल्लं उलटी तरंगली. मी मोठ्यानं हसलो. सुवर्णानं माझ्याकडे असं पाहिलं की तिच्या कानाखाली मारावीशी वाटली. मारली नाही. पण हात उचलला होता.

२० जुलै
आहेत. पायरीपाशीच. बोटाएवढी झालीत.

२२ जुलै
सुवर्णा पहाटेपासून खालच्या पायरीवर बसलीय. स्वयंपाक नाही. बगळे हाकते. किती वेळा ओरडलो! वळून बघत नाही.

२४ जुलै
दंडाला धरून ओढली. माझ्या हाताला चावली. मांस दिसतंय. साळूबाईनं हळद भरली. माझ्याकडे न बघता म्हणाली, “बाईचा काय गुन्हा हो? तिला कामून बसवलं तुमच्या जागी?”
मी बसवलं? मी?

२६ जुलै
सुवर्णा गळ्यापर्यंत पाण्यात. दोन दिवस झाले. डोळ्यांची पापणी हलत नाही. भोवती पिल्लं, तिच्या पदरात, केसांत. देवरामनं गावातली माणसं आणली, दोर आणला. जो जवळ गेला त्याला चावली. शेवटी सगळे काठावर उभे राहिले आणि माझ्याकडे बघू लागले.
नीच आहेत सगळे. नाही, खरं लिहितो. त्या दिवशी मरळीशी झुंज झालीच नाही. हात, कसब, काही लागलं नाही. पहिल्यांदा टाकला तेव्हा गळाला बेडूकसुद्धा नव्हता, तो आधीच पडला होता. रिकाम्या गळावर तिनं झडप घातली. मला कळलं होतं ती का आली. कळून ओढली. आणि दोरीला बांधल्यावर तिच्याकडे बघून हसलो, कारण लोक बघत होते.
हे आज सगळ्यांसमोर मोठ्यानं बोललो. कुणी हसलं नाही. सुवर्णा हलली नाही.
चपला काढतो. तिला सांगतो, तू वर जा, मी बसतो.

२८ जुलै
मी उतरलो. पिल्लं माझ्याकडे आली. सगळी, एकदम.
सुवर्णा थरथरली, रडली, माझं नाव घेतलं. कधी घेत नाही ती. साळूबाईनं तिला वर नेलं. मी निघणार होतो. पण एक पाणसाप आला आणि —

२ ऑगस्ट
वही वरच्या पायरीवर. हात कोरडा ठेवून लिहितो.
देवराम सांगतो, सुवर्णा योगिनीकडे पोचली. जेवली. झोपली. बरं झालं. फार बरं झालं.
पंप कोण चालवतं ठाऊक नाही. आवाज नको वाटतो. पिल्लं घाबरतात.

५ ऑगस्ट
बगळा. धरला. पिसं दातांत —
मोजतो. एक कमी. कोणी नेलं? कोणी?

९ ऑगस्ट
अक्षर नीट उमटत नाही. बोटं सुजली, चिकट. राग सारखा. झोपेतही.

देवराम भाकरी लांब ठेवून जातो. आज उतरला. दोन पायऱ्या. तीन. म्हणतो, “भाऊ, पिल्लं पांगायला आली, या आता वर.” भला माणूस. सुवर्णाला त्यानंच —
सावली पडली त्याची. पिल्लं सगळी पोटाखाली आली. माझ्या.
हात पुढं करतोय. नको, देवराम. पाण्यात नको. मी लिहितोय तोवर मागं हो, मला आवरत ना