सवारीची साक्ष

बुलढाणा. मार्गशीर्ष वद्य पंचमी, मंगळवार.

देऊळघाटहून येताना टांग्याच्या गादीने आज माझ्या कंबरेवर जो अन्याय केला, त्याची दाद कोणत्या कचेरीत मागावी? मी कुरकुरलो, तर म्हातारा टांगेवाला मागे न बघता म्हणाला, "नागपुरात तं उघड्या फळीवर बसत होते तुमी, साहेब."

करीमभाई!

कॉलेजात असताना नागपूरच्या रस्त्यांवर आम्ही टांग्यांच्या शर्यती लावायचो. बंदी होती, म्हणून प्रत्येक टांग्यात एक खोटी सवारी. शिपायाने अडवलं, की तिने 'आगगाडी चुकेल' म्हणून गयावया करायची. करीमभाईची सवारी मी. त्या दिवशी "हाणा, हाणा" असा मीच ओरडत होतो. भाजीवाली चाकाखाली गेली, जागीच मेली. आणि मी कोर्टात काय सांगितलं? गाडीवान प्यालेला होता! वकिलीची परीक्षा तोंडावर होती ना. दारूला न शिवलेला माणूस वर्षभर तुरुंगात. मी मात्र हल्ली लोकांच्या लबाडीवर विनोदी लेख लिहितो.

"सजा भोगली, संपली," तो म्हणाला. "पण बायको अजून मले दारुड्याच समजते. म्हणते, शिकलेला माणूस कोर्टात खोटं काऊन बोलंन?"

हाणा, हाणा. लिहितानाही कानात तेच.

टांगा त्याच्या घरी न्यायला लावला. तो घोड्यापाशीच थांबला. मी दारातून म्हणालो, "भाभी, करीमभाई प्याले नव्हते. मी खोटी साक्ष दिली."

ती माझ्या शेजारून अंगणात गेली आणि नवऱ्याला म्हणाली, "चला, जेवून घ्या."

मी पायी घरी आलो.