मी गॉसिप आहे म्हणूनच

नेदर हॉक्सवर्थ
मंगळवार, चहानंतर

चि. कथबर्ट यास मिल्ड्रेडताईचे अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक आहे, माझा गुडघा सोडून. तुझा खोकला कसा आहे? छातीला हंसाची चरबी चोळतोस ना, की बेरिलला वास आवडत नाही म्हणून डबी माळ्यावर गेली? बाळाचा पापा घे. बेरिललाही आशीर्वाद सांग, तिला नको असले तरी.

तुझं पत्र मिळालं. इथल्या चर्चमध्ये होणाऱ्या बाळाच्या बाप्तिस्म्याला धर्ममाता म्हणून माझं नाव खोडून बेरिलनं त्या मिसेस चीजबरोला बोलावलं आहे, आणि कारण काय, तर मिल्ड्रेड गॉसिप आहे, म्हणजे इकडचं तिकडे करत फिरणारी. कथबर्ट, मला रडू आलं. मुलाला धर्ममाता एकच असते, आणि मला स्वतःचं लेकरू नाही. हे एवढंच माझ्या वाट्याला येणार होतं. (चीजबरोबाई कुणाबद्दल कधी बोलत नाही हे खरं. पण तिच्याशी तरी कोण बोलतं?) डोळे पुसले, टोपी घातली आणि तडक पाद्रीसाहेबांकडे गेले. रेव्हरंड ॲपलगार्थांकडे तो मोठा शब्दकोश आहे, म्हणजे त्याचे पहिले पाचच खंड आहेत. बाकीचे आधीच्या पाद्रीणबाईंनी दारं अडवायला नेले. नशिबानं ‘जी’ शिल्लक होता. तो मी फळीवरून काढला आणि तो त्यांच्या सुजलेल्या अंगठ्यावर पडला. मग मोहरीच्या गरम पाण्यात पाय सोडून बिचाऱ्यांनी मला वाचून दाखवलं.

आता नीट ऐक. गॉसिप हा फार जुना शब्द. त्यात ‘गॉड’ म्हणजे देव आणि ‘सिब’ म्हणजे नातलग. देवानं जोडलेलं माणूस, म्हणजेच धर्ममाता! पुढे बाळंतिणीच्या खोलीत सोबतीला येणाऱ्या बायकांना तेच नाव पडलं, आणि तिथं तासन्‌तास बसून त्या बिचाऱ्या बोलणार नाहीत तर काय करणार, म्हणून त्यांच्या बोलण्यालाही तेच. तेव्हा बेरिलचं म्हणणं असं झालं, की मिल्ड्रेड धर्ममाता आहे, म्हणून तिला धर्ममाता करायचं नाही. याचं उत्तर असेल तर तिनं कळवावं.

हे मी फक्त खाटकाला सांगितलं. (आणि त्याच्या दुकानातल्या रांगेला, पण ती काही माझी चूक नव्हे.) शब्दाचा अर्थ सांगायचा म्हणजे तो का शोधावा लागला हे आलंच, म्हणून बेरिलची वाक्यं वाचून दाखवावी लागली. पाद्रीसाहेबांना तर तो जुना शब्द इतका आवडला, की त्यांनी रविवारी जाहीर केलं, येत्या बाप्तिस्म्याच्या गॉसिपनं प्रार्थनेनंतर थांबावं. चौदा बायका थांबल्या. मी पुढे सरकले, तर ओटरशॉ आजी (वय चौऱ्याऐंशी, कान गेलेले, कोपर शाबूत) मला मागे ढकलून म्हणाल्या, “तू कालची गं. मी तुझ्या आईच्या वेळेपासून गॉसिप आहे.” मिस फ्रॉगलीला आजवर कुणीच गॉसिप म्हटलेलं नाही, ती रुसून घरी गेली आणि महिला मंडळाचा राजीनामा देऊन बसली. आता येत्या रविवारी बाप्तिस्म्याच्या वेळी या चौदाही जणी तुझ्या बाळाला हातात घ्यायला येणार आहेत. मी पहिली उभी राहिले, तरच त्या आवरतील. बेरिलला समजाव.

तुझी,
मिल्ड्रेडताई

ता. क. मला गुपित राखता येत नाही असं बेरिल म्हणते. तुझ्या लग्नाच्या सकाळी तू माझ्या कोंबड्यांच्या खुराड्यात दडून “मला नाही करायचं लग्न” म्हणत रडत होतास, आणि तुझ्या कोटाची पिसं झाडून मीच तुला चर्चला नेलं. सहा वर्षं झाली, हे मी एका जिवाला सांगितलेलं नाही. बेरिलला तर नाहीच. आता बोल, धर्ममाता व्हायला माझ्याइतकी भरवशाची बाई सापडेल का?

ता. क. दुसरा. घरातली पाकिटं संपली, म्हणून हे सगळं सहा पोस्टकार्डांवर लिहिलं आहे. क्रमांक घातलेत. टपाल तुमच्याकडे बेरिलच उचलते ना? तिला म्हणावं, ओळीनं लावून ठेव.

ता. क. तिसरा. हे पोस्टाच्या खिडकीशी उभी राहून लिहितेय. आमची पोस्टवाली टिडमार्शबाई म्हणते, खुराड्याचं तिला अजिबात ठाऊक नव्हतं.