फार नीट अक्षरं

३ फेब्रुवारी

"ताई, फार नीट आहे हो." — आज परत तेच.

साबणाच्या वेष्टणावरचं नाव काढून नेलं होतं. आठवडाभर घासलेलं. आमची नवी डिझाइन प्रमुख सव्वीस वर्षांची आहे. बोलता बोलता खुर्चीत गरगर फिरते म्हणून मी मनातल्या मनात तिला भिंगरी म्हणते. तिनं स्क्रीनकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि अगदी मऊ आवाजात सांगितलं. नीट तर आता यंत्रही काढतं, चहा गाळून होईपर्यंत. साबणवाल्यांना माणसाचा हात दिसायला हवाय. थोडं वाकडं, थोडं चुकलेलं.

साबण कारखान्यात होतो, मी स्वतः पाहून आलेय. माणसाचा हात त्याला फक्त खोक्यात भरताना लागतो. पण ते असो.

इतकी वर्षं वाकड्याचं सरळ करण्याचा पगार घेतला. आता सरळाचं वाकडं करा!

मुलगी वाईट नाही. जाताना माझ्या टेबलावर संत्र्याच्या दोन फोडी ठेवून गेली.

५ फेब्रुवारी

डाव्या हातानं काढून पाहिलं. डोळे मिटून पाहिलं. ब्रश पायाच्या बोटांत धरायचा तेवढा राहिला. सगळं खोटं दिसतं. लग्नघरात मुद्दाम मळके कपडे घालून आलेल्या श्रीमंत पाहुण्यासारखं.

मी या धंद्यात आले तेव्हा प्रत्येक अक्षराला सावली हवी, चकाकी हवी. मग फर्मान निघालं — सगळं सपाट करा. केलं. मग सगळ्या कंपन्यांची नावं इतकी बारीक आणि एकसारखी झाली की बँक कुठली आणि चपलांचं दुकान कुठलं कळेना. मग रंग एकमेकांत विरघळवा. मग जाड, ओरडणारी अक्षरं. मग जुन्या छपाईसारखे ठिपके. आणि आता चुका. नवरा म्हणतो, पॅन्टच्या पायांसारखं आहे, कधी रुंद, कधी चिकट, आतले पाय तेच.

हसले. पण तो पंपाच्या कारखान्यात आहे. पंपाची फॅशन बदलत नाही.

८ फेब्रुवारी

मालकांनी बोलावलं. चित्रं काढणाऱ्या दोघांना मागेच जायला सांगितलं, त्यांचं काम आता यंत्र करतं. मालक म्हणाले, अक्षरांचा विभाग ठेवायचा की नाही ते या साबणावर ठरेल. फार सभ्यपणे म्हणाले. पाणीही विचारलं.

विभाग म्हणजे मी. एकटी. विभाग उठला, बाहेर आला आणि जिन्यात जाऊन उभा राहिला.

९ फेब्रुवारी

नवऱ्याला सांगितलं. आईंना नाही.

आई म्हणजे सासूबाई. पुलांचे नकाशे काढणाऱ्या कचेरीत त्या ट्रेसर होत्या. इंजिनिअरनं पेन्सिलीनं काढलेल्या नकाशावर पारदर्शक कागद ठेवायचा आणि रेघ न् रेघ शाईनं उतरवायची. हात हलला की ब्लेडनं शाई खरवडायची आणि तो डाग सगळ्यांना दिसायचा. आपला एकही कागद कधी खरवडला नाही, हे त्या मला लग्न झाल्यापासून ऐकवत आल्या. भाजी चिरताना, केस विंचरताना, माझी चपाती वाकडी आली की हमखास.

मागच्या वर्षी अर्धांगाचा झटका आला. बोलणं परत आलं, चालणंही आलं. उजवा हात थरथरतो. तेव्हापासून त्या कचेरीचं नाव काढत नाहीत.

१२ फेब्रुवारी

माझा काही दोष नाही. नाही ना?

फिजिओथेरपीवाली मुलगी आईंना रोज ब्रशनं अक्षरं गिरवायला लावते. त्या माझ्या बाद प्रिंटच्या पाठकोऱ्या बाजूवर गिरवतात. आज ऑफिसात पिशवीतून प्रूफं बाहेर ओढली तर त्यांत आईंचा एक कागद आला. अ पासून ज्ञ पर्यंत, प्रत्येक वळणावर रेघ भ्यायल्यासारखी झालेली. मी झटकन पालथा घातला. पण भिंगरी फिरायची थांबली होती.

"हे कुणी केलं?"

मी म्हटलं, हे घरचं आहे, चुकून आलंय. तिनं कागद दोन्ही हातांनी उचलला. मग म्हणाली की गेले सहा महिने सगळे डिझाइनर जे खोटं खोटं करायला बघतायत ते हे आहे. खरं.

मी नको म्हणेपर्यंत तिनं फोटो साबणवाल्यांना पाठवला होता.

१३ फेब्रुवारी

साबणवाले वेडे झालेत. नुसतं नाव नको, पूर्ण फॉन्ट हवा. वेष्टण, जाहिराती, दुकानावरचे फलक, सगळं याच अक्षरांत. मालक स्वतः चालत माझ्या टेबलापर्यंत आले.

आईंना कसं सांगू?

१५ फेब्रुवारी

नाही सांगितलं.

१६ फेब्रुवारी

सांगितलं. त्या मटार सोलत होत्या, डाव्या हातानं, शेंग गुडघ्यात धरून. सगळं ऐकून घेतलं. शेवटचा दाणाही काढला.

"म्हणजे माझा हात बिघडलाय, तो विकायचा."

तसं नाही आई, म्हटलं. लोकांना ते सुंदर वाटतं.

"रस्त्यावर जखमेचा पाय उघडा टाकून भिकारी बसतो ना गं, त्याच्याकडेही लोक थांबून बघतात."

मटाराचं भांडं उचलून आत गेले.

रात्री नवरा म्हणाला, आईला नको तर नको, नोकरी दुसरी मिळेल. कुठे मिळेल? फार नीट काढणारी, चाळिशी उलटलेली बाई पाहिजे, अशी जाहिरात मी तरी वाचलेली नाही. पण तो म्हणाला ते बरोबर. मलाही तेच म्हणायचं होतं, त्यानं आधी म्हटलं म्हणून राग आला.

१७ फेब्रुवारी

ऑफिसात सांगून टाकलं, ती अक्षरं मिळणार नाहीत. का, तेही सांगितलं. भिंगरीचा चेहरा उतरला. हट्ट करील असं वाटलं होतं, नाही केला. फोटो विचारल्याशिवाय पाठवायला नको होता, असं स्वतःहून म्हणाली आणि खुर्ची न फिरवता बसून राहिली.

मालकांनी महिनाअखेरपर्यंत वेळ दिलाय. कशासाठी ते बोलले नाहीत.

१९ फेब्रुवारी

मी भांडी लावत होते. आई मागे येऊन उभ्या राहिल्या. विचारलं, तुझ्या नोकरीचं काय चाललंय? काही नाही, म्हटलं. म्हणाल्या, तुझ्या नवऱ्याला मी जन्म दिलाय, त्याच्या पोटातलं काढायला मला वेळ लागत नाही.

मग स्टुलावर बसल्या.

"किती अक्षरं लागतात?"

मी सांगायला लागले. स्वर, व्यंजनं, काना, मात्रा, वेलांट्या, आकडे. शिवाय जोडाक्षरं, त्यांना अंतच नाही. म्हटलं, काही शे तरी होतील, आई. जाऊ दे.

"एवढ्या रेघांत एक पूल झाला असता."

अटी घातल्या. नाव कुठे यायचं नाही. शेजारणीला कळायचं नाही. आणि अक्षर चुकलं तर त्या परत काढणार, मी 'असू दे' म्हणायचं नाही. मी विचारलं, चुकलं म्हणजे कुठलं, आई? त्या थांबल्या. मग आधी त्या हसल्या, मग मी. नवरा आतून ओरडला, काय झालं? काही नाही, बायकांचं आहे.

२ मार्च

सकाळी खिडकीशी टेबल लावून देते. उजेड डावीकडून. आई अंबाडा घट्ट बांधतात, बांगड्या कोपराकडे सरकवतात आणि बसतात. कचेरीत अशाच बसत असतील. मध्ये बोललेलं चालत नाही. कुकरची शिट्टी झाली तरी कुकरकडे रागानं बघतात.

'क' ला चार दिवस लागले. मला पहिलाच आवडला होता. गप्प बसले.

११ मार्च

भिंगरी घरी आली, अक्षरं न्यायला. येते म्हणाली, कारण माफी मागायची होती. मागितली. आई म्हणाल्या, माफी राहू दे, आधी त्या स्टुलावर फिरू नकोस, शाई सांडशील.

दोघींचं जमलं! आईंनी तिला विचारलं, सध्या हेच का चालतं, वाकडं? तिनं खरं उत्तर दिलं. यंत्रानं सगळ्यांचं सगळं गुळगुळीत करून टाकलं, म्हणून लोक जिथे खडबडीत दिसेल तिथे हात फिरवून बघतात. किती दिवस चालेल माहीत नाही, कदाचित वर्षभर. आई म्हणाल्या, वर्षभर पुष्कळ झालं, आमची फॅशन आली कधी आणि गेली कधी, आम्हाला कुणी सांगितलंसुद्धा नाही. कचेरीत एक दिवस संगणक आला आणि त्यांची टेबलं बाहेर व्हरांड्यात ठेवली.

हे त्या मला कधी बोलल्या नव्हत्या.

२९ मार्च

फिजिओथेरपीसाठी आता त्या दवाखान्यात जातात, रिक्षानं, एकट्या. मी रजा काढते म्हटलं तर म्हणाल्या, तुझी रजा माझ्या आजारावर घालवू नकोस, मला आणखी एखादा आजार होईल तेव्हा लागेल.

६ एप्रिल

आज एक 'र' सरळ आला. वरपासून खालपर्यंत, कुठे हललाच नाही. आईंनी कागद मला दाखवला नाही, टेबलावर नुसता वर ठेवला, मी बघीन असा. मी बघितला. त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

ऑफिसात मात्र तो बाद झाला. बाकीच्यांत बसत नाही म्हणून. साहजिक आहे. संध्याकाळी जेवताना मी हसत हसत सांगितलं, आई, तुमचा सगळ्यांत चांगला 'र' तेवढा नापास झाला.

"सरळ आला म्हणून?" त्यांनी विचारलं. हो, म्हटलं. त्या पण हसल्या. आमटी वाढून घेतली.

७ एप्रिल

'र' परत काढला. छान आलाय. थरथरता.

२५ एप्रिल

मालकांनी वर्षभराचं काम माझ्या नावावर लावलं. नेमणुकीची भाषा बदलली, आता मी 'हस्ताक्षर सल्लागार'. आईंना सांगितलं तर म्हणाल्या, हात माझा, सल्ला तुझा, वा.

१४ मे

जोडाक्षरं चाललीत. भिंगरी खूश आहे. म्हणते, ही नवी अक्षरं आधीच्यांपेक्षाही सुंदर आहेत, जास्त जिवंत.

मला बरं वाटलं नाही. का ते कळेना.

१९ मे

कळलं. मार्चमधला 'क' आणि आताचा 'क्त' स्क्रीनवर शेजारी शेजारी ठेवले, खूप मोठे करून. मार्चमध्ये रेघ फक्त वळणावर हलायची, सरळ दांडीवर शांत असायची. आता पहिल्या टेकवण्यापासून उचलण्यापर्यंत हलते. सगळी अक्षरं तशीच. चहाचा कप तर अजून डाव्याच हातात असतो.

हात बिघडत चाललाय. मी रोज त्यांना बसवून त्यांच्याकडून अक्षरं काढून घेतेय, आणि हात बिघडत चाललाय. आणि ऑफिसात आम्ही टाळ्या वाजवतोय.

नवऱ्याला दाखवलं. म्हणाला, थांबवू या.

२१ मे

आईंना म्हटलं, पुरे आता. जेवढी झाली तेवढ्यांवर भागवू. बाकी मी जुळवून घेईन.

"ज्ञ राहिलाय. अर्धा नकाशा मी कुणाला दिला नाही."

नकाशा गेला खड्ड्यात, आई. तुमच्या हाताचं बघा. मी मोठ्यानं बोलले. इतक्या वर्षांत त्यांच्याशी मोठ्यानं बोलले नव्हते. त्यांनी उजवा हात डाव्यानं झाकून मांडीवर ठेवला. मग म्हणाल्या, तुझं काम होऊ दे, मग हाताचं बघू.

मी न्हाणीघरात जाऊन तोंड धुतलं.

२२ मे

नोकरी सोडायची. ठरवलं. ज्ञ झाला की मालकांना सांगते. आईंना कळू न देता फिजिओथेरपीवालीशी बोलायचं आधी.

२४ मे

दुपारी तिला फोन केला. ऑफिसच्या जिन्यातून. म्हटलं, सासूबाईंची थरथर फार वाढलीय, काही करता येईल का? ती गोंधळली. कुणाची, काकूंची? पुन्हा विचारलं. मग म्हणाली —

"अहो, काकू गेला महिनाभर माझ्यासमोर सुईत दोरा ओवतायत. पहिल्याच खेपेला. घरी सांगितलं नाही त्यांनी?"

जिन्यातच बसले.

घरी आले तर आई खिडकीशी होत्या. अंबाडा घट्ट, बांगड्या कोपराकडे. ज्ञ काढत होत्या. ब्रश थरथरत होता. शेवटची रेघ उचलली आणि कागद माझ्याकडे केला.

"बघ. जमला का?"

कागद घेतला. उजेडाला धरला. जमला, म्हटलं.