मीटरचं छोटं पिनियन

प्रिय नाना,

काल आपली जुनी ट्रक विकली. चाळीसगावचा एक माणूस आला होता. त्यानं टायर बघितले, इंजिन चालू करून ऐकलं आणि केबिनमध्ये बसून सहज विचारलं, "मीटर खरं दाखवतं ना, भाऊ?" मी हो म्हणालो. खोटं नाही बोललो, तरी आवाज असा निघाला की त्यानं वळून माझ्याकडे पाहिलं.

तुम्ही जाऊन वर्ष होत आलं. होता तोवर तुमच्यासमोर यायची छाती झाली नाही, आणि आता पत्र लिहितोय. केवढा शूर मी!

जोडी बदलायचं खूळ माझंच होतं, आठवतं ना? आपली केळी दिल्लीच्या मंडीत पोचेपर्यंत दुसऱ्यांच्या गाड्या रिकाम्या झालेल्या असायच्या. कुणीतरी माझ्या डोक्यात भरवलं, मागच्या हौसिंगमधली, चाकं फिरवणारी क्राऊन-पिनियनची दातेरी जोडी बदला, सहा दातांच्या पिनियनऐवजी सात दातांचं टाका, मग बघा गाडी कशी पळते ते. तुम्ही मान हलवलीत. "भाऊ, सपाटीवर पळी, पन बिजासन घाटमा दम टाकी." पण मी ऐकतोय कुठला! वडिलांच्या वेळेपासून तुम्ही आमच्या गाडीवर ड्रायव्हर. मला स्टिअरिंग धरायला तुम्ही शिकवलंत, आणि मी तुम्हाला गाडीतलं सांगत होतो.

धुळ्याला युसूफ मिस्त्रींकडे दोन दिवस गाडी उभी होती. मिस्त्रींच्या बरोबरीनं तुम्हीही गाडीखाली आडवे झाला होता. काम संपल्यावर तुम्ही पलीकडे रॉकेलनं हात धूत होता, तेव्हा मिस्त्री मला म्हणाले, "मीटरची केबल गिअरबॉक्समधून येते, भाऊ. चाक आता तेवढ्याच फेऱ्यांत जास्त पळणार, ते मीटरला कळणार नाही. शंभर चाललात तर पंच्याऐंशी दाखवेल. मीटरचं छोटं पिनियन पण बदलावं लागतं. आज माझ्याकडे नाही, चार दिवसांनी या." मी "बघू" म्हटलं. सावद्याला केळीचे घड कापून पडले होते, मला निघायची घाई होती. हे बोलणं फक्त मी ऐकलं, नाना. तुम्हाला सांगायचं राहिलं आणि पुढे मीही विसरून गेलो.

पहिल्याच खेपेला दिल्लीहून तुमचा एसटीडीवरून फोन आला. "भाऊ, मंडीमा पहिला नंबर लागना आपला!" किती खुश होता तुम्ही! तो घाट चढवताना गाडीनं तुमचा जीव काढला, हे मला खूप नंतर कळलं. त्या फोनवर तुम्ही त्याचं अवाक्षर काढलं नाही.

तीन खेपांनंतर मी मीटरचे आकडे ताडून पाहिले. रस्ता तोच, डिझेल जवळपास तेवढंच आणि किलोमीटर मात्र जाताना दीडशेनं कमी, येताना दीडशेनं कमी. माझ्या मनात काय यावं? नानांनी वाटेत केबल काढून मीटर बंद ठेवलं आणि परस्पर दुसऱ्याचा माल वाहिला! मालक मंडळी ड्रायव्हरांबद्दल असलं रोजच बोलायची, ते माझ्या कानात होतंच.

विचारायचं तर घरी बोलावून विचारता आलं असतं. मी विचारलं कुठे, तर जळगावच्या अड्ड्यावर, चहाच्या टपरीसमोर, पंधरा-वीस ड्रायव्हरांच्या देखत. तुम्हाला आधी मी काय म्हणतोय तेच समजेना. मग म्हणालात, "कानबाईनी आन शे, भाऊ, मी केबलले हात बी लाया नही." श्रावणात आमच्या घरी कानबाई देवी बसायची, तिच्या प्रसादाचा रोट आधी तुमच्या ताटात पडायचा. तिची आण घेतलीत तुम्ही. आणि मी म्हणालो, "चोर बी आन खास, नाना!" शपथ काय, चोरही खातो, असं तुमच्या तोंडावर.

जीभ झडली नाही माझी.

तरीही तुम्ही समजावत होता. "मीटर खोटं बोलस, भाऊ. रस्ताना मैलना दगड तं जठे व्हतात तठेच शेतस. एक डाव गाडीमा मनासंगे बसा, दगड मोजा." सगळे हसले. मीही हसलो. तुम्ही किल्ली माझ्या हातात दिली नाहीत, चहावाल्याच्या फळीवर ठेवलीत, खांद्यावरचा टॉवेल झटकलात आणि एसटी स्टँडकडे चालू लागलात.

नवा ड्रायव्हर ठेवला. त्याच्याही खेपेला तेच, दीडशे कमी! तेव्हा कुठे मिस्त्रींचं बोलणं आठवलं. गुपचूप धुळ्याला जाऊन ते बोटभर पिनियन बसवून घेतलं. तिथून तुमचं पिंपळनेर किती लांब होतं? दोन तासांची एसटी. मी गाडीचं तोंड जळगावकडे वळवलं. पुढच्या आठवड्यात जाऊ म्हटलं, मग कानबाईला जाऊ म्हटलं. अशी चार वर्षं गेली. चूक विसरण्यातून झाली असेल, ही चार वर्षं मात्र मी जाणूनबुजून गप्प बसलो. अड्ड्यावरची गोष्ट सगळीकडे पोचली होती, तुम्हाला कुणी स्टिअरिंगला हात लावू दिला नाही. दिल्लीपर्यंत ट्रक नेणारे तुम्ही दुसऱ्याच्या बैलगाडीवर ऊस वाहत होता.

तुम्ही मला शिव्या का घातल्या नाहीत, नाना? एकदा येऊन माझी गचांडी धरली असती तर मी बोललो तरी असतो! बघा, अजून तुमच्यावरच ढकलतोय.

तुमच्या दहाव्याला आलो होतो, मागे बसलो होतो. तुमच्या घरच्या अक्कांनी मला ओळखलं. पाण्याचा तांब्या पुढे करत त्यांनी तुमचे शब्द सांगितले, "त्या म्हनेत, भाऊ हुशार शे. एक दिन दगड मोजी नि येई." मी पाणी प्यायलो आणि उठून आलो.

उद्या सकाळी, अड्डा भरलेला असताना, त्याच फळीपाशी उभा राहून सांगणार आहे. नाना चोर नव्हते. मिस्त्रींनी मला सांगितलं होतं, मी विसरलो, आणि आठवल्यावर लपवलं. हे सगळं, याच शब्दांत. तिथून एसटीनं पिंपळनेरला अक्कांकडे जाईन. खिडकीशी बसेन आणि रस्त्याचे दगड मोजत येईन, एकही न चुकवता.

तुम्ही शेवटपर्यंत ज्याला भाऊ म्हणालात,
तो प्रकाश