पोटातले वॉचमन

३ जानेवारी
मुतखडा शोधायला सोनोग्राफी केली. मुतखडा नाही, पोटातली मुख्य रक्तवाहिनी फुगलीय. साडेचार सेंटिमीटर. डॉक्टर म्हणाले, सहा महिन्यांनी परत मोजू, सिगारेट आजपासून बंद. सख्ख्या भावातही हे असू शकतं, धाकट्याला तपासून घ्या. फुटली तर बहुतेकदा हॉस्पिटल गाठेपर्यंतही वेळ मिळत नाही.
सिगारेट बंद. उद्या धाकट्याला फोन.

४ जानेवारी
फोन केला नाही. प्रश्न तत्त्वाचा आहे. मी वॉचमन पुरवणारी एजन्सी चालवतो. तो त्याच्या बिल्डिंगचा सेक्रेटरी, आणि गेटवर माणसं दुसऱ्या एजन्सीची. म्हणे तुझी झोपतात. तेव्हापासून बोलणं बंद. मोठा मी आहे, फोन त्याने करायचा.
सिगारेट एक. चहाबरोबरची धरत नाही.

१९ जानेवारी
डॉक्टरांना विचारलं, फुगते कशी? म्हणाले, रक्तातल्या पांढऱ्या पेशी, म्हणजे शरीराचे रखवालदार, वाहिनीच्या भिंतीत शिरून ठाण मांडतात आणि भिंतच कुरतडतात. मला हसू आलं. एवढी वर्षं या धंद्यात आहे, कामचुकार गार्ड ढिगाने पाहिले, भिंत खाणारा एकही नाही. शिवाय माझी प्रतिकारशक्ती जबरदस्त, साधी सर्दी होत नाही. ती आणखी वाढवायच्या गोळ्या आणल्या. गार्ड डबल केले की शिस्त येते.
बायको म्हणाली, जे भिंत खातायत त्यांनाच खुराक देताय. भाऊजींना मी फोन करू का? खबरदार, म्हणालो. तू केलास म्हणजे मीच नमलो.

६ मार्च
मेसेज लिहिला, ‘पोट तपासून घे.’ धमकी वाटली, पुसला. ‘तब्येत कशी आहे?’ लाचारी वाटली, पुसला. खरं तर त्याची फार आठवण येते. ते कशाला लिहायचं.
रविवारी थेट फोन.

२ एप्रिल
रविवारी तो उशिरा उठतो. शनिवारी त्याची सोसायटीची मीटिंग. मधल्या वारी मी कामात. कुणीतरी सांगितलं, तो ठणठणीत आहे, रोज फिरायला जातो. म्हणजे घाई नाही.

१० जुलै
पाच सेंटिमीटर. गोळ्या बहुधा लोकल कंपनीच्या. डॉक्टरांनी विचारलं, भावाची तपासणी झाली? म्हटलं, प्रोसेसमध्ये आहे. बाहेर आल्यावर सिगारेट ओढली. टेन्शनची धरत नाही.
येत्या रविवारी नक्की.

१४ जुलै
सकाळी भावजयीचा फोन. धाकट्याच्या पोटात आणि पाठीत एकदम कळ आली. गाडीत बसवेपर्यंत संपलं.
तसाच गेलो. गेटवर त्या दुसऱ्या एजन्सीच्या वॉचमनने अडवलं. कुणाकडे, म्हणाला. भावाचं नाव सांगितलं. तो खुर्चीतून उठला, टोपी काढली. म्हणाला, साहेब गेले हो सकाळी. तुम्ही त्यांचे कोण?
म्हटलं, रविवारी फोन करणारच होतो.
वॉचमन जागा होता.